ड जीवनसत्त्व आणि उतारवयातला मोतीबिंदू : रिपोर्ट कसा वाचावा, गोळी कशी घ्यावी, डोळे कधी तपासावेत

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या फायलीत हल्ली दोन कागद हमखास शेजारी शेजारी सापडतात. एक रक्ततपासणीचा, ज्यावर ‘व्हिटॅमिन डी’पुढचा आकडा ठळक छापलेला असतो, आणि दुसरा डोळ्यांच्या डॉक्टरांचा, ज्यावर मोतीबिंदूला सुरुवात झाल्याची नोंद असते. दोन्ही एकाच सुमारास हाती आले की प्रश्न पडतोच : ड जीवनसत्त्व कमी पडले म्हणून मोतीबिंदू झाला का, आणि ते भरून काढले तर तो थांबेल का? माझ्या आईच्या बाबतीत आम्ही या प्रश्नात जवळजवळ वर्ष घालवले. गोळ्या नेमाने चालू होत्या, त्या भरवशावर डोळ्यांची पुढची तपासणी लांबत गेली आणि तेवढ्या काळात तिची नजर मात्र उतरत राहिली. म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगते. कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, पण हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. मोतीबिंदूचे काय करायचे, हे डोळ्यांच्या तपासणीवरून ठरते.

दोन्हींचा संबंध कितपत आहे

डोळ्यातले नैसर्गिक भिंग प्रामुख्याने पाणी आणि क्रिस्टलिन नावाची प्रथिने यांचे बनलेले असते. शरीरातल्या बहुतेक प्रथिनांची झीज होते, तशी ती नव्याने तयारही होतात. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने मात्र जन्माआधी तयार झालेली असतात आणि आयुष्यभर तीच टिकवावी लागतात. वयाबरोबर त्यांचे ऑक्सिडीकरण होते, त्या ऑक्सिडीकरणाला आवर घालणारे ग्लुटाथायोन हे द्रव्य गाभ्यापर्यंत पुरेसे पोचेनासे होते, प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि आत येणारा प्रकाश सरळ न जाता विखुरतो. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. वय हे त्याचे सर्वांत मोठे कारण. त्याखालोखाल मधुमेह, धूम्रपान, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, डोळ्याला झालेली इजा आणि उन्हातल्या अतिनील किरणांचा मारा.

ड जीवनसत्त्वाची भाषा समजणारे ग्राहक रेणू डोळ्यातल्या पेशींमध्येही आढळतात आणि ऑक्सिडीकरणाचा ताण कमी करण्यात त्याचा हातभार लागतो, म्हणून संशोधकांना या संबंधाची शंका येणे स्वाभाविक होते. लोकसंख्येच्या पाहण्यांमध्ये काही ठिकाणी तसे दिसलेही. कोरियातल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीवर आधारलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या पुरुषांच्या रक्तात ड जीवनसत्त्व जास्त होते त्यांच्यात मोतीबिंदूचे प्रमाण कमी आढळले. पण अशा पाहणीत एकाच वेळी दोन गोष्टी मोजल्या जातात. आधी काय घडले आणि नंतर काय, हे तीत कळत नाही. ज्याला नीट दिसत नाही तो माणूस घराबाहेर कमी पडतो, बाहेर कमी पडला की ऊन कमी मिळते, आणि ऊन कमी मिळाले की रक्तातला आकडा उतरतो. म्हणजे मोतीबिंदूमुळेच ड जीवनसत्त्व कमी झाले, असेही असू शकते. शिवाय जो रोज फिरतो, धूम्रपान करत नाही, ज्याची साखर आटोक्यात आहे, त्याचे ड जीवनसत्त्वही बहुधा बरे असते आणि भिंगही.

याचा निवाडा गोळी देऊन पाहिल्याशिवाय होत नाही, आणि तो प्रयोग ऑस्ट्रेलियात झालेला आहे. ‘डी-हेल्थ’ या चाचणीत ६० वर्षे आणि त्यापुढच्या २१ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना महिन्यातून एकदा ६०,००० आंतरराष्ट्रीय एककांची (पाकिटावर ‘आययू’ लिहिलेले मात्रेचे माप) ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल कमाल ५ वर्षे दिली गेली. २०२३ मध्ये तिचे मोतीबिंदूविषयीचे निष्कर्ष आले : शस्त्रक्रियेची गरज दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. या लोकांपैकी बहुतेकांच्या शरीरात मुळात ड जीवनसत्त्व पुरेसे होते, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही, ज्याची पातळी ठीक आहे त्याने केवळ मोतीबिंदू टळावा म्हणून वरून गोळ्या घेण्याला आधार उरत नाही. आणि एकदा धूसर झालेले भिंग कुठल्याही गोळीने किंवा थेंबांनी पुन्हा नितळ होत नाही.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. रक्तातले कॅल्शियम दीर्घकाळ फार खाली राहिले, तर त्यामुळेही मोतीबिंदू होतो. मानेतल्या, रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी नीट काम करत नसलेल्या रुग्णांमध्ये तो आढळतो, आणि ड जीवनसत्त्वाची अतितीव्र कमतरता कॅल्शियमला तितके खाली ओढू शकते. ज्येष्ठ व्यक्तीला बोटांना, ओठांभोवती मुंग्या येत असतील, हातापायांत वारंवार गोळे येत असतील किंवा मानेची शस्त्रक्रिया होऊन गेलेली असेल, तर ड जीवनसत्त्वाबरोबर कॅल्शियम तपासून घेण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

रिपोर्ट वाचताना

प्रथम चाचणीचे नाव पाहावे. शरीरातला साठा कळण्यासाठी ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ ही चाचणी लागते. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ ही वेगळी चाचणी आहे; मूत्रपिंडात तयार होणारे क्रियाशील रूप ती मोजते आणि साठा रिकामा होत आला असतानाही तिचा आकडा चांगला येऊ शकतो.

त्यानंतर एकक पाहावे, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरतात, काही नॅनोमोल प्रति लिटर, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या अडीचपट असतो. आईचा पहिला रिपोर्ट १८ असा होता आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेतून ४५ असा आला, तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. दिव्याखाली कागद धरून बारीक अक्षरातले एकक वाचले तेव्हा कळले, की दुसरा आकडा नॅनोमोलमध्ये होता. ४५ ला अडीचने भागले की १८ च येतात. सहा महिन्यांत पातळी तसूभरही हललेली नव्हती. म्हणून चाचणी शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करावी आणि वहीत आकड्याशेजारी एककही लिहून ठेवावे. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर रक्त देण्यापूर्वी तसे सांगावे, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे आकडा खोटा येतो.

किती असावे, याबाबत तज्ज्ञांमध्ये एकमत नाही आणि त्यामुळे रिपोर्टवरचे लाल अक्षर पाहून घाबरू नये. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०११ सालच्या अहवालानुसार २० नॅनोग्रॅम ही पातळी जवळजवळ सर्वांच्या हाडांना पुरेशी असते आणि १२ च्या खाली कमतरतेचा धोका असतो. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने ३० ची मर्यादा सुचवली होती, आणि आजही अनेक रिपोर्ट तिच्याच आधाराने २४ किंवा २६ ला ‘अपुरे’ ठरवतात. पण २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्या संस्थेने स्वतःच ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट चाचणी करू नये, असे सुचवले. माझ्या मते, १२ च्या खालचा आकडा गांभीर्याने घ्यावा, १२ ते २० मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने भर घालावी आणि २० च्या वर असलेल्या आकड्यापायी झोप घालवू नये. खुर्चीतून उठताना मांड्यांत बळ न वाटणे, जिना चढताना कठड्याला ओढून वर जावे लागणे, हाडे दाबल्यावर दुखणे ही लक्षणे मात्र डॉक्टरांना नक्की सांगावीत.

तेच ऊन, पण हातांना वेगळे आणि डोळ्यांना वेगळे

ऊन त्वचेला ड जीवनसत्त्व देते आणि तेच ऊन भिंगाला हानी करते, हा या विषयातला खरा पेच आहे. २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-बी किरण त्वचेतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाच्या घटकावर पडले की ड जीवनसत्त्वाची घडण सुरू होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड ते वापरण्याजोगे करतात. हेच किरण डोळ्यात शिरले तर त्यांचा काही भाग भिंग शोषून घेते. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावर काम करणाऱ्या ८३८ मच्छीमारांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यभर पाण्यावरच्या लख्ख उजेडात काम केलेल्या या माणसांमध्ये, अतिनील-बी किरणांशी ज्याचा जितका जास्त संबंध आला तितका भिंगाच्या कडेपासून आत सरकणाऱ्या मोतीबिंदूचा धोका जास्त आढळला. गाभ्यातल्या मोतीबिंदूशी मात्र असा संबंध दिसला नाही.

सुदैवाने ड जीवनसत्त्व डोळ्यांतून तयार होत नाही, त्यामुळे हा पेच सोडवता येतो. ऊन हात, पोटऱ्या आणि पाठीला द्यावे, चेहऱ्यावर रुंद काठाच्या टोपीची सावली ठेवावी आणि डोळ्यांवर अतिनील किरण पूर्ण अडवणारा, म्हणजे ‘यूव्ही ४००’ असा उल्लेख असलेला गॉगल लावावा. काच नुसती काळी असून भागत नाही. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि त्या काचेत अतिनील किरण अडवण्याची सोय नसेल तर आत जाणारे किरण उलट वाढू शकतात. बाजूंनी थोडी वळलेली चौकट असेल तर अधिक चांगले, कारण पाणी, वाळू आणि सिमेंट यांवरून परतणारा उजेड कडेनेच येतो.

सावली पाहून वेळ ठरवावी. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा अतिनील-बी किरण भरपूर असतात, आणि ती लांब पसरलेली असते त्या कोवळ्या किंवा उतरत्या उन्हात ते फारच थोडे असतात. त्यामुळे पहाटेचे फिरणे इतर सगळ्या दृष्टींनी हिताचे असले तरी ड जीवनसत्त्वासाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही. बंद खिडकीच्या काचेमागे बसूनही तो होत नाही, कारण साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. त्वचा लाल होण्याच्या बऱ्याच आधी सावलीत यावे. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, आणि वयाची सत्तरी ओलांडल्यावर त्वचेची ही क्षमता तरुणपणीच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. म्हणूनच ज्येष्ठांनी ऊन पुरले नाही म्हणून तासन्तास उन्हात बसण्याचा हट्ट धरू नये. तिथून पुढचे काम गोळीवर सोपवावे. आहारातून फार थोडे मिळते : तेलकट मासे, अंड्याचा बलक आणि वरून ड जीवनसत्त्व घातलेले दूध, एवढेच काय ते नाव घेण्याजोगे स्रोत.

गोळी घेताना

रोजची गरज ७० वर्षांपर्यंत ६०० आणि त्यानंतर ८०० आंतरराष्ट्रीय एककांची मानली जाते. ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. वैद्यकीय देखरेखीशिवाय रोज ४,००० एककांच्या पुढे जाऊ नये. कमतरता असेल तर डॉक्टर काही आठवडे मोठी मात्रा देतात आणि नंतर रोजच्या छोट्या मात्रेवर आणतात. जेवणाबरोबर, थोडे स्निग्ध पोटात गेलेले असताना गोळी घेतली की ती अंगी चांगली लागते.

कमी दिसणाऱ्या माणसाच्या घरात एका गोष्टीची फार काळजी घ्यावी लागते. ६०,००० एककांची कॅप्सूल आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा घ्यायची असते, पण तिचे पाकीट रोजच्या गोळ्यांच्या डब्यात पडले आणि वरची अक्षरे वाचता आली नाहीत, तर ती रोज घेतली जाते. अशा चुकीतून रक्तातले कॅल्शियम वाढते : तहान लागते, वारंवार लघवीला होते, बद्धकोष्ठ होते, मळमळते, माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो, आणि घरचे ते वयावर घालतात. हे टाळण्यासाठी ती कॅप्सूल वेगळ्या डब्यात, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात ठेवावी आणि घेतल्याची तारीख कॅलेंडरवर जाड पेनाने गोल करावी. आईच्या डब्यावर आम्ही बोटभर उंचीच्या अक्षरांत ‘रविवार’ लिहून ठेवले होते, आणि ते तिला चष्म्याशिवायही वाचता येत असे.

लवकर फरक पडावा म्हणून एकदम प्रचंड मात्रा घेण्याचा मोहही टाळावा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७० वर्षे आणि त्यापुढच्या २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना वर्षातून एकदाच ५ लाख एकके दिली गेली. त्यांच्यात पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि अस्थिभंगाचे २६ टक्क्यांनी वाढले. ज्याला पायरीची कड नीट दिसत नाही, अशा माणसाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

मूत्रपिंडाचा आजार, मुतखडा, सार्कॉइडोसिस किंवा क्षयरोग असेल, अथवा थायझाइड प्रकारची रक्तदाबाची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ड जीवनसत्त्व सुरू करू नये. फेफऱ्यावरची फेनिटॉइनसारखी औषधे याची पातळी खाली आणतात. स्टिरॉइड्सचा उल्लेख मुद्दाम वेगळा करते, कारण ती दोन्ही बाजूंनी नडतात : हाडे आणि कॅल्शियम यांचे नुकसान करतात आणि भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर मोतीबिंदूही आणतात. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी ती चालू असतील तर स्वतःहून बंद करू नयेत, मात्र डोळे आणि हाडे दोन्ही तपासून घ्यावीत. उपचार सुरू केल्यावर सुमारे ३ महिन्यांनी पुन्हा रक्त तपासणे पुरेसे असते. दर महिन्याला तपासून काही हाती लागत नाही, कारण रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच तेवढा वेळ लागतो.

डोळे केव्हा दाखवावेत

मोतीबिंदू दुखत नाही आणि इतका हळू वाढतो, की माणूस त्याच्या अंगवळणी पडतो. एक डोळा अधू झाला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून महिन्यातून एकदा, नेहमीच्या उजेडात, चष्मा लावून, एकेक डोळा तळहाताने हलकेच झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचून पाहावे. दोन डोळ्यांत फरक जाणवला तर तारखेसह लिहून ठेवावा. दिव्याभोवती वलय दिसणे, समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडाने दिपून जाणे, पांढरा रंग पिवळट वाटणे, एकाच डोळ्याने पाहताना वस्तू दोन दिसणे आणि चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलणे ही ओळखीची लक्षणे आहेत.

एक लक्षण मात्र फसवे आहे. गाभ्याचा मोतीबिंदू वाढताना भिंगाची वक्रीभवनशक्ती वाढते आणि काही काळ जवळचे चष्म्याविना दिसू लागते. आईने एक दिवस चष्मा बाजूला ठेवून पेपर वाचून दाखवला, आणि आम्हाला वाटले की ड जीवनसत्त्वाचा गुण आला. प्रत्यक्षात मोतीबिंदू पुढे सरकल्याची ती खूण होती. उतारवयात चष्मा अचानक लागेनासा झाला, तर तेवढ्या कारणानेही डोळे दाखवावेत.

डॉक्टरांकडे जाताना सोबत कुणीतरी असावे, कारण बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते आणि गाडी चालवता येत नाही. स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शक यंत्रावर भिंग तपासल्यानंतर दृष्टिपटल आणि डोळ्यातला दाबही तपासला का, हे विचारावे. काचबिंदू किंवा मधुमेहाने दृष्टिपटलात झालेला बिघाड मोतीबिंदूच्या आड लपून राहू शकतो. डोळा अचानक लाल होऊन ठणकू लागला, नजर एकाएकी गेली, समोर विजेसारखे लखलखले किंवा पडदा ओढल्यासारखे झाले, तर तो साधा मोतीबिंदू नव्हे; त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

शस्त्रक्रिया करायची तर मोतीबिंदू पिकायला हवा, ही समजूत जुन्या पद्धतीच्या काळातली आहे. आज ध्वनिलहरींनी भिंग विरघळवून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात, आणि फार पिकलेले, कठीण झालेले भिंग काढणेच अधिक अवघड जाते. वाचन, स्वयंपाक, जिना, रात्रीचे बाहेर पडणे, यांपैकी ज्या कामावाचून त्या माणसाचे चालत नाही ते अडू लागले, की वेळ झाली असे समजावे. पडण्याच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे : ब्रिटनमध्ये ७० वर्षांपुढच्या ३०६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केलेल्या गटात पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळले.

तारीख ठरली की चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी घेतलेले असेल तर ते ठळकपणे सांगावे, कारण त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळाचा पडदा सैल पडतो आणि सर्जनला आधीपासून तयारीत राहावे लागते. ड जीवनसत्त्वाची गोळीही त्या यादीत असू द्यावी, मात्रा आणि वार यांसह. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली की टोपी आणि गॉगल घालून हातांवर ऊन घेत पुन्हा चालणे सुरू करावे. आता बारीक अक्षरे दिसू लागलेली असतात, तेव्हा गोळ्यांचा डबा एकदा सगळा उपडा करून प्रत्येक पाकिटावरची मात्रा त्या माणसालाच मोठ्याने वाचायला सांगावी.